पेजेस दुसऱ्या न्यूमा नोडवर हलवूनही काही जुन्याच नोडवर का राहतात?

न्यूमा मशीनमध्ये मेमरी नोड्समध्ये विभागलेली असते, प्रत्येक नोडला आपले सीपीयू आणि जवळची मेमरी असते; पेज म्हणजे मेमरीचा ठराविक आकाराचा तुकडा. लिनक्समध्ये मायग्रेटपेजेस ही कमांड चालवून प्रोसेसची पेजेस नोड ० वरून नोड १ वर हलवली, तरी प्रॉकमधल्या न्यूमा मॅप्स या, पेजेस कुठल्या नोडवर आहेत ते दाखवणाऱ्या फाइलमध्ये बरीच पेजेस नोड ० वरच दिसतात, असा तुमचा प्रश्न आहे. माझा पहिला संशय पिन केलेल्या, म्हणजे जागेवरून हलू नयेत म्हणून धरून ठेवलेल्या पेजेसवर जातो.

पेज हलवताना कर्नल ते एलआरयू यादीतून (कुठली पेजेस अलीकडे वापरली ते ठेवणारी यादी) वेगळं काढतं, नव्या नोडवर जागा घेतं, लॉक लावतं आणि प्रत्येक पेजटेबलमधली (प्रोसेसचे पत्ते फिजिकल मेमरीशी जोडणारा तक्ता) त्याची नोंद काढून तिथे तात्पुरती मायग्रेशन एंट्री ठेवतं. मधेच एखाद्या थ्रेडने त्या पत्त्याला हात लावला, तर काम होईपर्यंत तो फॉल्टमध्ये थांबतो. त्यानंतर रेफरन्स काउंट, म्हणजे ते पेज किती जणांनी धरलं आहे याची मोजणी, तपासली जाते. अपेक्षेपेक्षा एक जरी रेफरन्स जास्त निघाला, तरी जुन्या नोंदी परत बसतात. दहाएक प्रयत्नांनंतर कर्नल ते पेज सोडून देतं.

हा जास्तीचा रेफरन्स बहुतेकदा आरडीएमए (नेटवर्कवरून थेट मेमरी वापरणं), व्हीएफआयओ (प्रोग्रॅमच्या ताब्यात थेट डिव्हाइस देणं) किंवा आयओ-यूरिंग (लिनक्सचा असिंक्रोनस आयओ इंटरफेस) यांच्यात रजिस्टर केलेल्या बफरचा असतो. डिव्हाइस थेट फिजिकल पत्त्यावर लिहितं. पेज हलवलं तर डेटा चुपचाप बिघडेल. म्हणून न्यूमासीटीएल कमांडने प्रोसेस सुरुवातीलाच योग्य नोडला बांधा, बफरमध्ये एकदा लिहून पेजेस तिथे घ्या आणि मगच रजिस्टर करा. एमलॉक या मेमरी रॅममध्येच ठेवणाऱ्या कॉलला मात्र दोष देऊ नका, तो फक्त स्वॅप अडवतो.

शेअर्ड पेजेसचं कारण वेगळं. अनेक प्रोसेसमध्ये मॅप झालेलं पेज सिस-नाइस कॅपॅबिलिटीशिवाय (कर्नलची एक विशेष परवानगी, रूटकडे असते) हलत नाही, त्यामुळे आधी रूटने चालवून पाहा.

नेमकी कुठली पेजेस अडली ते मूव्ह-पेजेस कॉल सांगतो. प्रत्येक पेजचा निकाल घेणारा स्टेटस ॲरे आधी -१ ने भरा. लिनक्स ४.१७ पासून कॉलने धन संख्या परत केली, तर तेवढी पेजेस हललेली नाहीत. मग नोड्सच्या जागी नल देऊन तोच कॉल पुन्हा करा. काहीही न हलवता प्रत्येक पेजचा सध्याचा नोड मिळतो.

थ्रेड्स नोड ० च्या सीपीयूवरच राहिले असतील तर ही सगळी मेहनत वाया जाते. नवी पेजेस तिथेच घेतली जातात आणि ऑटोमॅटिक न्यूमा बॅलन्सिंग (पेजेस वापरणाऱ्या सीपीयूजवळ आपोआप आणणारी कर्नलची सोय) चालू असेल, तर हलवलेलीही हळूहळू परत ओढली जातात. टास्कसेट या, थ्रेड्सचे सीपीयू ठरवणाऱ्या कमांडला -ए देऊन सगळे थ्रेड्स आधी हलवा, पेजेस नंतर.