रोज जेमतेम ५-६ किलोमीटरच फिरायचं असेल, तर डिझेल गाडी घ्यावी का?

माझ्या मते नको. डिझेल जास्त मायलेज देतं हे खरं, पण मुळात रनिंगच कमी असेल तर गाडीची जादा किंमत वसूल व्हायला वर्षानुवर्षं जातात.

खरी गोम आहे डीपीएफमध्ये. हल्लीच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सर लाइनमध्ये काजळी अडवणारा हा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळायला आतलं तापमान साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जावं लागतं. त्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं आणि ही प्रक्रिया पुरी व्हायला १५-२० मिनिटं सलग गाडी चालावी लागते. तुम्ही दहाव्या मिनिटाला चावी फिरवून मोकळे! मग काम अर्धवट राहतं, काजळी साठत जाते, आणि न जळालेलं थोडं डिझेल पिस्टनच्या कडेने झिरपून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ऑइल पातळ होतंय. धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्हही काजळीने चिकटतो. फिल्टर पार चोंदला तर बदलायचा खर्च ऐकूनच घाम फुटेल.

आठवड्यातून एकदा हायवेवर अर्धा तास एकसारख्या वेगाने चालवणार असाल तर निभावतं. पण निव्वळ फिल्टरसाठी गाडी फिरवून आणायची, हा नसता उद्योग. जुन्या, डीपीएफ नसलेल्या डिझेलला हा त्रास नाही, धूर मात्र आहे.

पेट्रोल घ्या. घरी चार्जिंगची सोय असेल तर इलेक्ट्रिक त्याहून बरी.