बाबांचे ३४० रोल

‘वडिलांना जुनं काही टाकवत नाही. एक अख्खी खोली कॅमेरे आणि फोटोंच्या खोक्यांनी भरली आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तिथे बसून असतात. हा आजार आहे का? आणि आम्ही हळूहळू थोडं थोडं कमी केलं तर चालेल का?’

समुपदेशनाला येणाऱ्या मुलामुलींचा हा नेहमीचा प्रश्न. इथे प्रश्न मुलीचा होता. वडील एकाहत्तर वर्षांचे, विशीपासून हौशी छायाचित्रकार. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहिण्यास दोघांची संमती आहे.)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते सोपं आहे: नाही, त्यांच्या नकळत एक कागदही हलवू नका.

पहिल्याला थोडा वेळ लागतो. अतिसंचय हा विकार आहे. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेत २०१३ पासून त्याची स्वतंत्र नोंद आहे. पण ‘वस्तू खूप आहेत’ एवढ्यावरून ते निदान होत नाही. टाकण्याच्या विचारानेच जीव कासावीस होतो का, पसाऱ्यामुळे घर वापरता येईनासं झालं आहे का, रोजच्या जगण्यात अडथळा येतो का, हे पाहावं लागतं. छायाचित्रकारांच्या बाबतीत आम्ही आणखी एक साधी गोष्ट करून बघतो. ‘मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हाचा एखादा फोटो दाखवता का?’ बाबांनी एक वही काढली, पान उलटलं आणि चार मिनिटांत निगेटिव्हची नेमकी पट्टी हातात ठेवली. वहीत ३४० रोल क्रमाने लिहिलेले होते. याला पसारा म्हणणं अवघड आहे. खोलीतला पलंग मोकळा होता आणि नवी खरेदी गेल्या दोन वर्षांत शून्य.

हे ‘शून्य’ मात्र खटकलं. म्हणजे नवी फिल्मही नाही. हौशी माणूस कॅमेरे जपतो आणि फोटो काढत नाही, असं का?

दुसऱ्या भेटीत कळलं. हाताला कंप सुटला होता. हातात धरून फोटो काढताना शटर फार तर ‘एक भागिले लेन्सची फोकल लांबी’ इतके सेकंद उघडं राहावं, म्हणजे ५० मिमीच्या लेन्सला साधारण १/६० सेकंद, हा या छंदातला जुना हिशेब. बाबांचे फोटो त्याहून वेगवान १/२५० लाही हलायला लागले होते. त्यांनी कॅमेरा ठेवून दिला आणि कुणाला काही सांगितलं नाही. रात्री खोक्यांपाशी बसणं हा त्यानंतरचा प्रकार. घरच्यांना अडगळ दिसत होती. बाबांच्या लेखी मात्र आपण फोटोग्राफर होतो याचा तेवढाच पुरावा उरला होता. माणूस तो हातचा कसा सोडेल?

कंपाच्या बाबतीत समुपदेशकाने शहाणपणा करू नये. न्यूरॉलॉजिस्टना दाखवून या, मग पुढचं बोलू, असं स्पष्ट सांगितलं. त्यांचे उपचार सुरू झाले आणि पुढच्या भेटी त्याच्या जोडीने चालल्या.

मधल्या काळात एक घोळ झाला. मुलीने चांगल्या हेतूने, वडिलांना न विचारता, एक चिकट पानांचा अल्बम सोडवायला घेतला. पानावर चिकटद्रव्याच्या रेघा आणि वर प्लास्टिकचा पडदा, असले अल्बम. हे चिकटद्रव्य वर्षांनी एक तर पूर्ण सुटतं, नाही तर दगडासारखं धरतं. कोपरा धरून ओढला की प्रिंटचा मागचा थर निघतो आणि वरचा फोटो मोडून त्यावर कायमची पांढरी रेघ उमटते. पाच फोटो असे गेले. उरलेल्यांच्या मागे तिने बॉलपेनने तारखा लिहिल्या, त्यांचे वळ पुढच्या बाजूला उठले. बाबा दोन आठवडे भेटीला आले नाहीत.

असा फोटो सोडवायचा तर बिनवासाचा, बिनमेणाचा दात साफ करायचा दोरा फोटो आणि पानाच्या मध्ये घालून करवतीसारखा हळूहळू सरकवतात. अडला तर तिथेच थांबायचं आणि पानासकट कॉपी काढायची. काचेला चिकटलेला फोटो तर सोडवायलाच जाऊ नये, काचेवरूनच त्याची कॉपी काढावी. मागे लिहायचं तर जुन्या कागदी प्रिंटवर मऊ पेन्सिल, हलक्या हाताने. प्लास्टिकच्या थराच्या नव्या प्रिंटवर पेन्सिल उमटत नाही, तिथे वेगळी चिठ्ठी बरी.

ते परत आल्यावर दोघांत एक करार झाला. एका बैठकीला एकच खोकं, तेही एक तास. निर्णय बाबांचा. मुलगी लिहून घेणार, मत देणार नाही.

मग कामाचा आकार. ‘सगळं स्कॅन करा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि बहुतेक जण तिथेच गळाठतात. ३४० रोल, प्रत्येकी ३६ फ्रेम, म्हणजे १२,२४० चित्रं. धूळ झटकणं, कॉपी काढणं, नाव देणं धरून एका चित्राला तीन मिनिटं लावली तर ६१२ तास होतात. रोज दोन तास बसलं तरी दहा महिने. बाबांनी आकडा ऐकला आणि वही मिटली. प्रत्येक रोलमधून जास्तीत जास्त दोन, असं ठरवल्यावर ६८० चित्रं आणि ३४ तास झाले. हे करण्यासारखं होतं. निवडायला टॅबलेटची स्क्रीन कोरी पांढरी करायची, तिच्यावर तीन-चार सेंटिमीटर उंचीवर दुधी अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकचा तुकडा ठेवायचा (नाही तर स्क्रीनचे ठिपके दिसतात), वर निगेटिव्हची पट्टी, आणि मोबाइलमध्ये रंग उलटे करून बघायचं.

निवडलेली चित्रं कशी टिपायची, यावर फ्लॅटबेड स्कॅनरचा पर्याय होताच. २४०० डीपीआयला, म्हणजे इंचाला २४०० ठिपके धरून, ३५ मिमीची फ्रेम साधारण ७७ लाख पिक्सेलची होते, घरच्या कामाला पुरते. पण आम्ही कॅमेऱ्याने कॉपी काढण्याकडे मुद्दाम वळवलं. कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून घट्ट बसवलेला, छोटी वस्तू मूळ आकारात टिपणारी १:१ मॅक्रो लेन्स, लेन्सचं छिद्र एफ ८, प्रकाशसंवेदनशीलता आयएसओ १००, निगेटिव्हच्या खालून एकसारखा उजेड आणि दोन सेकंदांचा सेल्फ-टायमर. कॅमेरा निगेटिव्हला समांतर आहे का हे बघायला निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवतात. व्ह्यूफाइंडरमध्ये लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यावर आलं की जमलं. या सगळ्यात हात थरथरला तरी काही बिघडत नाही. दोन वर्षांनी बाबांनी शटर दाबलं ते असं.

क्रम मात्र आवडीने लावू नये, नासण्याच्या वेगाने लावावा. एका खोक्याला व्हिनेगरचा वास येत होता. अ‍ॅसिटेट या प्लास्टिकची फिल्म उष्णता आणि दमटपणाने विघटित होते, त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं आणि ते आम्लच विघटनाचा वेग वाढवतं. फिल्म आक्रसते, पन्हळीसारखी होते. हवाबंद डब्यात वाफ कोंडून शेजारचे रोलही धोक्यात येतात. यावर उपाय नाही. थंड, कोरड्या जागी फक्त वेग मंदावतो. म्हणून हे १२ रोल ताबडतोब वेगळे केले, कागदी पाकिटांत घातले आणि पहिले टिपले. त्यानंतर रंगीत, कारण रंगद्रव्यं अंधारातही फिकटतात. जुन्या रंगीत प्रिंट लालसर पडतात त्या यामुळेच. कृष्णधवल चित्र चांदीचं असतं, नीट धुतलेलं असेल तर थांबू शकतं. प्लास्टिकच्या पाकिटांपैकी पीव्हीसीची बाद, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची चालतात. फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर.

एका बैठकीत मुलगी एकदम म्हणाली, “बाबा, मला फोटो नको होते. तुम्ही हवे होतात. सहलीत कायम कॅमेऱ्यामागे, तुम्हाला त्यातलं काही आठवत तरी असेल का?”

तिच्या रागाला थोडा आधार आहे. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. पण ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर झूम केलं त्यांची आठवण शाबूत राहिली.

बाबांनी हातातली पट्टी उजेडावर धरली. “हा १/१५ ला घेतलाय. उजेड गेला होता, स्टँड नव्हता. दाराला पाठ टेकवून श्वास धरला होता. तू झोपेत कूस बदलशील म्हणून तीनच काढले.”

मुलगी काही बोलली नाही. अशा वेळी घरचे लोक हमखास ‘ते तांत्रिक राहू द्या, तुम्हाला काय वाटलं ते सांगा’ म्हणतात. कृपया म्हणू नका. ज्याने आयुष्यभर छिद्र आणि वेगाच्या भाषेत जग पाहिलं, तो मायेची गोष्टही त्याच भाषेत करतो. मुलीने ते वाक्य जसंच्या तसं फाइलच्या नोंदीत लिहिलं.

कॅमेऱ्यांचा प्रश्न त्या मानाने पटकन सुटला. नऊ होते. तीन लेन्सना बुरशी लागली होती, कारण त्या चामड्याच्या डब्यात होत्या आणि चामडं दमटपणा धरून ठेवतं. डबे काढले, सेल काढले, बंद पेटीत सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवला, ४० ते ५० टक्के आर्द्रता धरून. एकाचा प्रकाशमापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालणारा होता. ते सेल आता मिळत नाहीत आणि १.५ व्होल्टचा घातला की मोजमाप चुकतं. हे वापरणाऱ्याला माहीत हवं, म्हणून कॅमेऱ्याला चिठ्ठी बांधली. चार कॅमेरे फिल्म वापरणाऱ्या तरुणांना दिले. देण्याआधी बाबांनी प्रत्येकाचं शटर सगळ्या वेगांवर चालवून, मंद वेग कुठे अडकतात ते लिहून दिलं.

काही घरांत चित्र वेगळं असतं. पेट्या न उघडताच नवे कॅमेरे येत असतील, कर्ज होत असेल, किंवा घरातल्याच माणसाचा फोटो पाहून ‘हे कोण?’ असा प्रश्न पुन्हा पुन्हा येत असेल, तर खोकी राहू द्या आणि आधी डॉक्टर गाठा.

नवव्या भेटीनंतर आम्ही थांबलो. तेव्हा १४० रोल झाले होते. ३४ तासांचा अंदाज साफ चुकला होता, कारण बोलण्याचा वेळ हिशेबात धरलाच नव्हता. शेवटच्या आठवड्यात बाबांनी सहा रोल बाजूला काढले आणि स्वतः कात्रीने कापले. मुलीने विचारलं, “काय होतं त्यात?”

“फोकस नव्हता,” बाबा म्हणाले.