सुट्टीत कपाटाचं कुलूप काढा

परीक्षा संपत आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. एरवी अनुदान, वर्गीकरण, जुन्या अंकांची बांधणी यांबद्दल विचारणा असते. एप्रिलमध्ये मात्र सगळी पत्रं मुलांबद्दल येतात. मी तालुक्याच्या गावी एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे, त्यामुळे उत्तरंही तिथल्या रोजच्या कामातून आलेली आहेत.

प्रश्न : आमचं वाचनालय छोट्या गावातलं, शासनाच्या वर्गवारीत सर्वांत खालच्या 'ड' वर्गाचं. सुट्टीत मुलांसाठी काहीतरी घ्या, असा गावाचा आग्रह आहे. व्यक्तिमत्त्व विकास शिबिर घेणारे एक गृहस्थ भेटले, पण ते मुलामागे शुल्क मागतात. आमच्या हाताशी पैसा नाही. काय करावं? (कार्यवाह, जि. सांगली)

शिबिर घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांच्या घरून शुल्क भरलं जाईल तेवढीच मुलं येतील, आणि शिबिर संपलं की वाचनालयात पुन्हा शुकशुकाट. शिबिर घेणाऱ्यांकडे नसलेली एक गोष्ट तुमच्याकडे आहे, ती म्हणजे पुस्तकं. सगळा कार्यक्रम त्यांच्याभोवती उभा करा.

आधी बघा, तुमच्याकडची मुलांची पुस्तकं आहेत कुठे? मी जिथे जिथे जाते तिथे ती लोखंडी कपाटात असतात, कपाटाला कुलूप असतं आणि किल्ली टेबलाच्या खणात. पोरगं येतं, टेबलाशी टाचा उंचावून उभं राहतं आणि म्हणतं, "गोष्टीचं पुस्तक द्या." आपण हाताला येईल ते देतो. त्याला हवी असते भुताची नाही तर वाघाची गोष्ट, आणि पदरात पडतात बोधकथा. ते पुन्हा फिरकत नाही. मग आपण सभेत म्हणतो, हल्लीची मुलं वाचत नाहीत.

म्हणून पहिलं काम, कुलूप काढा. शे-दीडशे पुस्तकं बाहेर काढा आणि सतरंजीवर, बाकांवर, जमलं तर दोरीवरही, मुखपृष्ठ दिसेल अशी मांडा. मुलांना ती उचलू द्या, चाळू द्या, नको असतील तर परत ठेवू द्या. आमच्या व्यवसायात याला मुक्तद्वार पद्धत म्हणतात. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच आहे की पुस्तकं उपयोगासाठी असतात. दुसरं आहे, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. 'त्याचं' पुस्तक कोणतं हे पोराने स्वतः ठरवायचं, आणि हाताळल्याशिवाय ते ठरत नाही.

दुसरं काम कार्यकारी मंडळाचं आहे, आणि तुम्ही कार्यवाह आहात म्हणून तुमच्यावरच सोपवते. मुलांची अनामत काढून टाका. आपली वाचनालयं वर्गणी आणि अनामत का घेतात, ते मला ठाऊक आहे. तामिळनाडूत १९४८ च्या कायद्यापासून घरपट्टीवर ग्रंथालय कर आहे. आपल्या १९६७ च्या कायद्यात तसा कर नाही. इथे वाचनालय संस्था चालवते, शासन परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवायला मदत, देतं, आणि ते हप्त्यांनी येईपर्यंत वीजबिल भागवायला वर्गणीच कामी येते. पण मोलमजुरी करणारी आई पोराच्या गोष्टीच्या पुस्तकासाठी अनामत भरणार नाही. शेजारच्या कर्नाटकाने नोव्हेंबर २०२० मध्ये ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांत ६ ते १८ वयाच्या मुलांना मोफत सभासद करून घ्यायला सुरुवात केली. तुम्ही निदान शाळा उघडेपर्यंतचा ठराव करा, की चौदा वर्षांखालच्या मुलांना अनामत नाही आणि वर्गणीही नाही. घरच्या माणसाची सही आणि पत्ता पुरे.

पुस्तकं हरवतील, असं सभेत कुणीतरी म्हणेलच. थोडी हरवतील. नॅशनल बुक ट्रस्टची आणि प्रथम बुक्सची मराठी बालपुस्तकं स्वस्त असतात, भर घालता येते. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. बालविभागासाठी राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानची मदत मिळू शकते का, हे जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा.

वेळ सकाळची ठेवा, आठ ते साडेदहा. त्यानंतर उन्हात पोरांना घरी धाडणं जिवावर येतं. पहिला तास ज्याने त्याने आपलं आपण वाचायचं. मग कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं. त्यासाठी पाहुणे आणायची गरज नाही. अंगणवाडीच्या ताई, पोस्टमन, एसटीचे वाहक, कुणाची आजी, ज्यांना वाचायला आवडतं ते सगळे चालतात. आमच्याकडे एका वाहकांनी थांब्यांची नावं पुकारावीत तशा खणखणीत आवाजात गोष्ट वाचली आणि पोरं हलली नाहीत.

आठवड्यातून एक दिवस पुस्तकांच्या डागडुजीचा ठेवा. हा माझा सर्वांत आवडता दिवस. बांधणीवाले मैद्याच्या खळीत मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. मोरचूद विषारी असतो, तेव्हा मुलांच्या खळीत तो अजिबात नको. नुसता मैदा पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचा, मंद आचेवर तुकतुकीत दिसेपर्यंत ढवळायचा आणि गार होऊ द्यायचा. खळ त्याच दिवशी संपवायची. सुटलेल्या पानाच्या कडेला बोटभर रुंदीची पातळ कागदाची पट्टी लावायची, पान मधल्या घडीत नीट बसवायचं, पुस्तक मिटून वर वजन ठेवायचं. मुलं हे फार मन लावून करतात, आणि पट्टी लावताना वाचता वाचता थांबतात. गेल्या सुट्टीत एक मुलगी चौसष्टावं पान चिकटवताना पासष्टावं शोधायला लागली, कारण गोष्ट ऐन रंगात आली होती. ते पान सापडलंच नाही. मग पुढे काय झालं असेल ते तिने लिहून काढलं, आणि आम्ही तो कागद तिथेच चिकटवून टाकला. ते पुस्तक आता सगळ्यांना हवं असतं.

प्रश्न : मी लेकीकडे न्यू जर्सीत राहून आले. तिथे ग्रंथालयात सुट्टीभर मुलांसाठी वाचनाचा कार्यक्रम असतो. किती पुस्तकं वाचली ते तक्त्यावर लिहायचं, मग बक्षीस. माझी नात तर हरखून गेली होती. आपल्याकडे हे का करू नये? (एक आजी, डोंबिवली)

आजी, जरूर करावं, पण निवडून. अमेरिकेत ही प्रथा जुनी आहे, १८९० च्या दशकापासूनची. सुट्टीत पुस्तक हाताला न लागलेली मुलं, त्यातही गरीब घरांतली, शाळा उघडते तेव्हा वाचनात मागे पडलेली असतात, असं तिथल्या शिक्षकांना आढळत आलं आहे. रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रांझेन यांनी फ्लोरिडात एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. गरीब वस्त्यांतल्या शाळांमधल्या मुलांना सलग तीन उन्हाळे, दर सुट्टीला डझनभर पुस्तकं दिली. शिकवणी नाही, परीक्षा नाही. तरी पुस्तकं मिळालेल्या मुलांचं वाचन न मिळालेल्यांपेक्षा पुढे गेलं. मला यातला एक तपशील फार महत्त्वाचा वाटतो. ती पुस्तकं मुलांनी स्वतः निवडली होती.

तक्ता आणि बक्षीस मात्र मी आणणार नाही. आकडा मोजायला लागलं की मुलं पातळ पुस्तकं उचलतात, आणि जाडजूड पुस्तकात महिनाभर रमलेला मुलगा यादीत खाली जातो. त्याऐवजी आमच्याकडे भिंतीवर एक लांब कागद असतो. 'हे वाचा, कारण...' एवढंच वर लिहिलेलं, खाली ज्याला जे वाटेल ते. "यात कुत्रा मरत नाही" असं कुणीतरी लिहिलं आणि ते पुस्तक सुट्टीभर फळीवर परत आलं नाही.

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा वाचनालयातून तेच एक पुस्तक पुन्हा पुन्हा आणतो. दुसरं दिलं तर चित्रकथा घेतो. जबरदस्ती करावी का? (एक आई, नगर)

अजिबात नको. तेच पुस्तक पुन्हा वाचणारा मुलगा आता अडखळत नाही, आणि न अडखळता वाचण्याचा आनंद त्याला बहुधा पहिल्यांदाच मिळतोय. चित्रकथाही वाचनच आहे. एक करा, तुम्ही स्वतःसाठी एक पुस्तक घ्या आणि रात्री त्याच्याशेजारी बसून ते वाचा. त्याच्या पुस्तकाबद्दल प्रश्न विचारू नका.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. रोज सकाळी वाचनालयात वर्तमानपत्रं वाचायला जातो. मेमध्ये तिथे मुलांचा गलका असतो, अभ्यासिकेतली मुलंही कुरकुरतात. वाचनालयात शांतता नको का? (वाचक, सातारा)

सर, शांतता हवी. पण ती कुठे आणि कधी, हे ठरवावं लागतं. आमच्याकडे मुलांची सतरंजी मागच्या व्हरांड्यात असते आणि अभ्यासिकेचं दार त्या अडीच तासांत बंद ठेवतो. तेवढी सोय तुमच्या ग्रंथपालांनाही करता येईल. तुम्ही सांगितलंत तर त्या ऐकतील.

मात्र मेमधल्या एका दिवसात तिथे कोण कोण येतं, ते एकदा बघा. सकाळी तुमच्यासारखे पेपरवाले. मग पोरं. अकराच्या सुमारास बाजाराला आलेल्या बायका, ज्यांची एसटी दोनला असते. त्या माठातलं पाणी पितात, पंख्याखाली बसतात, साप्ताहिकांची पानं उलटतात. दुपारी राज्यसेवेची तयारी करणारी मुलं, ज्यांच्या खोल्यांवर पत्रे आहेत आणि त्या वेळी तिथे बसवत नाही. कुणी भरतीची जाहिरात शोधायला येतो, कुणी पीकविम्याचा अर्ज घेऊन "हे जरा वाचून सांगता का" म्हणतो. गावात बसायला पैसे न लागणारी, जात-पात न विचारणारी आणि देऊळ नसलेली जागा दुसरी कोणती आहे, सांगा बरं? मला ही जागा जपावीशी वाटते, आणि त्यासाठी थोडा गलका सोसायची माझी तयारी आहे.

उन्हाळ्यात माणसं जमवण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली. पुढे गावोगावच्या वाचनालयांनी तिचा कित्ता गिरवला. रत्नागिरीचं नगर वाचनालय तर १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. या जागा पहिल्यापासून नुसत्या वाचनाच्या नव्हत्या, गावाच्या बोलण्याच्याही होत्या. व्याख्यानमालेत पहिल्या रांगा मोठ्यांच्या असायच्या, आणि मुलं चुळबुळ करायला लागली की त्यांना घरी पाठवलं जायचं. आता सकाळी मुलांचा तास आणि संध्याकाळी मोठ्यांचं व्याख्यान, असं दोन्ही व्हावं.

तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. पेपर वाचून झाला की पंधरा-वीस मिनिटं मुलांपाशी बसा आणि त्यातली एक बातमी त्यांना सोपी करून सांगा. धरणातला पाणीसाठा, वाघांची गणना, क्रिकेट, काहीही. तुम्ही आयुष्यभर शिकवलं आहे, तुम्हाला वेगळं काय सांगायचं?

प्रश्न : पुस्तक उशिरा परत आलं तर मुलांकडून दंड घ्यावा का? (ग्रंथपाल, जि. बीड)

नाही. दंडाच्या भीतीने मूल पुस्तक तर आणत नाहीच, स्वतःही येत नाही. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये उशिराचा दंड रद्द केला; मग आपले चार-दोन रुपये कशासाठी अडवून धरायचे? पुस्तक हरवलं असेल, तर मुलाला एक दिवस डागडुजीच्या टेबलावर मदतीला बोलवा.

प्रश्न : आमची वाडी वाचनालयापासून आठ किलोमीटर दूर. मुलांना सुट्टीत तिथवर कोण नेणार? आमच्यासाठी काही करता येईल का? (बचत गटाच्या अध्यक्षा, जि. रत्नागिरी)

ताई, मुलांना नेऊ नका, पुस्तकं मागवा. सयाजीराव गायकवाडांनी शतकापूर्वी बडोदा संस्थानात लाकडी पेट्यांतून खेडोपाडी पुस्तकं पाठवली. १९३१ मध्ये तामिळनाडूत मन्नारगुडीजवळ बैलगाडीवरून ग्रंथालय फिरलं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानमध्ये विनायक रानडे यांनी २००९ पासून 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पेट्या फिरवल्या, त्या परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत गेल्या. मग आठ किलोमीटर काही फार नाहीत.

तुमच्या गटाच्या नावाने तालुक्याच्या वाचनालयाला अर्ज द्या, की एक पत्र्याची पेटी आणि तीस-चाळीस बालपुस्तकं गटाच्या जबाबदारीवर द्यावीत. यादीच्या दोन प्रती करा, एक त्यांच्या देवघेव विभागात आणि एक पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली. पेटी समाजमंदिरात किंवा कुणाच्या तरी पडवीत ठेवा, आणि नोंदवही सातवी-आठवीतल्या एखाद्या मुलीच्या हाती द्या. मोठ्यांपेक्षा ती काटेकोरपणे लिहील. दर पंधरा दिवसांनी मीटिंगला तालुक्याला जाणारी तुमच्यातलीच कुणी पेटी बदलून आणेल. शेवटची फेरी मात्र जूनच्या पहिल्या आठवड्यातच करा. एकदा पाऊस लागला की कोकणात दमट हवेने आठ दिवसांत पुस्तकांना बुरशी धरते, तेव्हा पेटीत कडुनिंबाचा वाळलेला पाला टाका आणि पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालूनच परत पाठवा.