हिरवी स्मूदी : रोज पालकच कशाला?

प्रश्न : माझे हिमोग्लोबिन कमी आहे. त्यासाठी काही महिन्यांपासून सकाळच्या नाश्त्याऐवजी कच्चा पालक, सफरचंद आणि केळे मिक्सरमधून काढून पिते. तोंडात धागे येतात म्हणून मिश्रण गाळून घेते आणि त्यावर लगेच चहा होतो. हिमोग्लोबिनमध्ये फरक पडलेला नाही. माझे काय चुकते आहे? आपल्याकडच्या आणखी कोणत्या पालेभाज्या स्मूदीत चालतात?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पालकाकडून आपली अपेक्षा फार मोठी आहे. १०० ग्रॅम पालकात सुमारे ३ मिलिग्रॅम लोह असते, म्हणजे पेलाभर स्मूदीत ५० ग्रॅम पाने गेली तर दीड मिलिग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीच्या आहारात दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह असावे. शिवाय वनस्पतींतील लोहाचा थोडाच भाग शरीरात शोषला जातो, आणि चहातील टॅनिन त्यातही अडथळा आणते. चहा स्मूदीनंतर निदान तासाभराने घ्यावा. हिमोग्लोबिन कमी असण्याचे कारण मात्र डॉक्टरांकडूनच तपासून घ्यावे आणि त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या नियमित घ्याव्यात. स्मूदी त्या गोळ्यांची जागा घेऊ शकत नाही.

सफरचंदाऐवजी पेरू घ्यावा. क जीवनसत्त्वामुळे वनस्पतींतील लोहाचे शोषण वाढते आणि पेरूत ते सफरचंदाच्या कितीतरी पट असते. हिवाळ्यात बाजारात आवळा येतो, तेव्हा अर्धा आवळा किसून घालावा. एरवी अर्ध्या लिंबाचा रस पुरतो. पेरूच्या बिया दाताखाली येत असतील तर तेवढा पेरूचा गर आधी वेगळा फिरवून गाळावा, पण पूर्ण स्मूदी गाळू नये, कारण चोथ्याबरोबर तंतू निघून जातात आणि हाती जवळजवळ नुसता रस राहतो.

धाग्यांचे मूळ बहुधा देठांत आणि मिक्सरमध्ये जिन्नस घालण्याच्या क्रमात असते. पालकाचे जाड देठ काढून वरणात घालावेत. नुसती पाने अर्धी वाटी पाण्याबरोबर आधी फिरवावीत आणि ती चटणीसारखी एकजीव झाल्यावरच फळे घालावीत. सगळे एकदम घातले की मऊ केळ्यात पाने नुसती गरगरत राहतात आणि नीट वाटली जात नाहीत.

धुण्याच्या बाबतीत मात्र मी आग्रही आहे. जुडी सोडून मुळांकडचा भाग कापावा, पाने मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात बुडवून हलवावीत आणि हातांनी वर उचलून दुसऱ्या पातेल्यात घ्यावीत. पातेले चाळणीत उपडे केले तर तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवरच येते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करत राहावे. शहरांच्या आसपास सांडपाण्यावर पालेभाज्या पिकवल्या जातात आणि अशा पानांवरून जंतांची अंडी पोटात जाऊ शकतात. म्हणून धुतलेला पालकही कच्चा न वापरता उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून, लगेच गार पाण्यात टाकून मग वापरावा आणि उकळलेले पाणी फेकून द्यावे. पालकात ऑक्सलेट हे मुतखड्याला कारण ठरू शकणारे द्रव्य भरपूर असते. त्याचा बराच भाग त्या पाण्यात उतरतो. क जीवनसत्त्व थोडे कमी होते, ते पेरूने भरून निघते.

आता इतर पालेभाज्यांविषयी. केल ही परदेशी भाजी मॉलमध्ये महाग मिळते, म्हणून अनेक वाचक हळहळतात. केल, कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल या वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीच्या भाज्या आहेत. नवलकोलाची आणि फ्लॉवरची कोवळी पाने भाजीवाले मोडून बाजूला टाकतात, ती मागितली तर बहुधा सहज मिळतात. त्यांत ऑक्सलेट पालकापेक्षा खूपच कमी असते आणि मिनिटभर उकळून घेतली की उग्र वासही जातो. ही पाने आपल्या बाजारांत रोज वाया जावीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. कोथिंबिरीला आपण सजावटीपुरते ठेवतो, तिची मूठभर पाने आणि कोवळे देठ पेरू, लिंबू आणि आल्याबरोबर उत्तम लागतात. मेथी चार-पाच काड्यांपुरतीच घ्यावी, नाहीतर कडवटपणा वरचढ होतो. आठवड्यात पाने बदलत राहावीत.

दोन पेल्यांसाठी प्रमाण असे : वरीलप्रमाणे उकळून घेतलेली दोन मुठी पाने, एक पिकलेला पेरू, एक लहान केळे, अर्ध्या लिंबाचा रस, आल्याचा छोटा तुकडा, दोन चमचे भाजलेले तीळ आणि वाटीभर पाणी. तिळांतील तेलामुळे पानांतील बीटा कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते) शोषले जाण्यास मदत होते. साखर किंवा मध घालू नये. आणि नाश्ता सोडू नये : या पेल्याबरोबर मोड आलेली मटकी, थालीपीठ किंवा अंडे हवेच, कारण स्मूदीत प्रथिने फार थोडी असतात.

प्रश्न : माझ्या यजमानांना मुतखड्याचा त्रास होऊन गेला आहे, तर सासूबाई हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेतात. घरात सर्वांसाठी एकच स्मूदी केली तर चालेल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : एकच करू नये. मुतखडे बहुतेक वेळा कॅल्शियम ऑक्सलेटचे असतात. आपल्या यजमानांचा खडा तसा असेल तर त्यांच्या पेल्यात पालक, माठ, राजगिरा, चाकवत आणि बीट नको. कोथिंबीर किंवा कोबी घ्यावा आणि अर्धी वाटी दही घालावे. खडा कॅल्शियमचा म्हणून दूध-दही बंद करणारी अनेक घरे मी पाहिली आहेत, पण दह्यातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्सलेटला बांधून ठेवते आणि ते शौचावाटे निघून जाते. (नाशिकच्या भगिनींच्या स्मूदीत मी दही मुद्दाम घातले नाही, कारण तेच कॅल्शियम लोहाच्या शोषणात थोडे आड येते.) दिवसभर भरपूर पाणी पिणे हे त्यांच्यासाठी कोणत्याही स्मूदीपेक्षा महत्त्वाचे आहे.

सासूबाईंच्या गोळ्या वॉरफेरिन किंवा अ‍ॅसेनोकुमारोल या प्रकारच्या असतील तर हिरव्या पानांतील के जीवनसत्त्व त्यांचा परिणाम कमी करते. पालेभाजी त्यांनी वर्ज्य करावी असे नाही, मात्र तिचे प्रमाण रोज साधारण सारखे राहिले पाहिजे, कारण गोळीचा डोस त्यांच्या नेहमीच्या आहारावर बसवलेला असतो. आज पेलाभर हिरवी स्मूदी आणि मग आठवडाभर काहीच नाही, हे त्यांच्यासाठी धोक्याचे आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना स्मूदी सुरू करू नये.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे टाकळा, कुर्डू, अळू भरपूर येते. ही पाने आणि दारचा दुधी कच्चा वाटून स्मूदीत घालता येईल का?
– एक वाचक, रायगड

उत्तर : नाही. अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते कच्चे पोटात गेले तर घसा आणि जीभ सुजू शकते. अळू चिंचेबरोबर नीट शिजवूनच खायचे असते. टाकळा आणि कुर्डूही भाजी करूनच खावेत. दुधीच्या बाबतीत याहून जास्त सावध राहावे. कडू दुधीत कुकुर्बिटासिन नावाचे विषारी द्रव्य असते. अशा दुधीचा रस प्यायल्याने रक्ताच्या उलट्या आणि मृत्यू झाल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. दुधी कापल्यावर त्याचा छोटा तुकडा जिभेला लावून पाहावा. किंचितही कडवट लागला तर तो थुंकून टाकावा आणि दुधी पूर्ण फेकून द्यावा. मध, फळे किंवा लिंबू घालून कडवटपणा झाकता येतो, विष तसेच राहते. काकडी कडू निघाली तर तीही स्मूदीत घालू नये.