रविवारीही उसंत नाही

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत एक वाक्य फार वेळा ऐकू येतं : "मॅडम, सोमवारी ऑफिसला गेलं की बरं वाटतं." आणि पाठोपाठ, आवाज खाली आणून : "असं वाटणं पाप आहे का हो?"

ज्या ताईंबद्दल लिहिते आहे त्यांचे तपशील बदललेले आहेत. सासर-माहेर नगरकडचं, नोकरी पुण्यात, बँकेच्या काउंटरवर. रविवारी पहाटे मटणाचं वाटण, मग संडे स्कूलची मुलं, उपासना, महिला मंडळाची मिटिंग, दुपारी जेवायला पाहुणे, संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना. शिवाय चर्चच्या मंडळीचे व्हॉट्सॲप ग्रुप.

त्यांना माझ्याकडून वेळेचं नियोजन हवं होतं. ते मी दिलं नाही. दमलेल्या बाईच्या हातात वेळापत्रक ठेवलं की तिला आणखी एक काम लागतं. माणसाच्या थकव्याची मुळं बहुतेक वेळा त्याच्या घरात सापडतात, असं मानणाऱ्यांपैकी मी आहे. म्हणून पुढच्या वेळी यजमानांनाही बोलावलं.

ते सरळ माणूस. म्हणाले, "रविवारी सुट्टीच असते की हिला. आणि देवाच्या कामात कसला थकवा?"

मी त्यांना कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांची आठवण करून दिली. त्यांच्या लढ्यामुळे 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. "गिरणीला मिळाली," मी म्हटलं, "तुमच्या गॅसच्या शेगडीला कुणी दिली?" ते हसले. ताई हसल्या नाहीत.

खरी गाठ सुटली ती नंतरच्या एका भेटीत. शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा दोघांनाही तोंडपाठ होती, तरी मी पवित्र शास्त्र (बायबल) उघडून त्यातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा 5वा अध्याय ताईंना मोठ्याने वाचायला लावला. त्या दिवशी काम करायचं नाही. तू नाही, तुझा मुलगा नाही, मुलगी नाही, दास-दासी नाही, बैल नाही, गाढव नाही, तुझ्या वेशीच्या आतला उपराही नाही. वाचता वाचता त्या थांबल्या. बोट ओळीवरच.

"मॅडम, यात गाढव आहे. बायको नाही."

यजमानांनी पुस्तक स्वतःकडे ओढलं आणि ओळ दोनदा वाचली. अशा वेळी समुपदेशकाने तोंड मिटून बसायचं असतं, आणि ते मला चांगलं जमतं. बऱ्याच वेळाने एवढंच विचारलं, "मग तुम्ही कुठे आहात, ताई?"

"दासीत."

"नाही गं," यजमान म्हणाले, "तू 'तू'मध्येच आहेस."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "मग ही आज्ञा मलाच आहे. तुम्हाला विचारायचा प्रश्नच येत नाही."

औषध त्या वाक्यात होतं. तोवर त्या विसावा मागत होत्या. सासूबाईंकडे, मंडळाच्या बायकांकडे, मनातल्या मनात देवाकडेही. त्याच आज्ञेत पुढे कारण दिलंय : तुझ्या दास-दासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, कारण तूही मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, दास होतास. गुलामाला सुट्टीचा वार ठरवता येत नाही, मोकळ्या माणसाला येतो. त्यामुळे एखादं घर शब्बाथ पाळतं का, हे मी ते किती वाजता चर्चला पोचतात यावरून ठरवत नाही. सगळे विसावलेले असताना ओट्याशी कोण उभं आहे, ते विचारते.

कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले ज्यू, तेल गाळत, आणि त्यांचा शब्बाथ शनिवारी असल्याने त्या दिवशी घाणा बंद ठेवत. म्हणून शेजारीपाजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. मला यातला शेजाऱ्यांचा भाग महत्त्वाचा वाटतो. अमुक दिवशी इथे तेल मिळणार नाही हे गावाला ठाऊक होतं. आपण विसावा चोरून घेतो, डोकं दुखतंय असं सांगून. चोरून घेतलेल्या विसाव्याने थकवा जात नाही, अपराधीपणा मात्र वाढतो.

ताईंच्या घरी बदल शनिवारी सुरू झाला. शास्त्रातला दिवस संध्याकाळपासून मोजतात, म्हणजे विसाव्याची सुरुवात झोपेने होते. स्वयंपाक शनिवारीच, आणि वाटण यजमान करतात. महिला मंडळाचं चिटणीसपद ताईंनी चर्चच्या पाळक साहेबांना सांगून सोडलं, संडे स्कूल ठेवलं, कारण मुलांत त्यांचा जीव रमतो. जेवणानंतर फोन कपाटात. पहिले काही रविवार त्या चुळबुळत बसल्या, उगाच कपड्यांच्या घड्या घालत. हे होणारच, त्याला घाबरून सोडू नका. सासूबाई अजूनही म्हणतात, "कालचं मटण." खातात मात्र.

दोन गोष्टी मी प्रत्येकाला सांगते. महिनोन् महिने झोपूनही थकवा जात नसेल, कशातच रस उरला नसेल, तर आधी डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासा आणि मनाची अवस्थाही सांगा. बायबलमधला संदेष्टा एलीया मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर-पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं.

आणि नर्स, पोलीस, शिफ्टवाले यांनी रविवारचाच हट्ट धरू नये. शब्बाथावरून कुणी तुम्हाला दोषी ठरवू नये, असं प्रेषित पौल कलस्सै गावच्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात लिहितो. मंगळवार मिळत असेल तर मंगळवार घ्या, फक्त तो घरात आधी जाहीर करा आणि त्या दिवशी भाजी कोण करणार हे सोमवारीच ठरवा.