खेळातल्या ‘लोर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न परभणीहून आला आहे. विचारणाऱ्याच्याच शब्दांत दिलेला बरा: “आम्ही मित्र मिळून रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायलोत. नियम इंग्रजीत, बोलणं सगळं मराठीत. आता गोदाकाठचं एक काल्पनिक राज्य रचायलोत. ‘सेटिंग’ आणि ‘लोर’ला काय म्हणावं यावर एकमत होईना. एक म्हणतो दंतकथा, दुसरा म्हणतो इतिहास, तिसरा म्हणतो पार्श्वभूमी. आमचा डीएम तर खेळाआधी अर्धा तास लोरच सांगत बसतो. ‘आमच्या सेटिंगचा लोअर लई डीप आहे’ हे नीट मराठीत कसं म्हणायचं?”

तिघांपैकी चुकलेलं कुणी नाही, पण नेमही कुणाचा बसलेला नाही. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: लिहिताना ‘ऐतिह्य’, खेळताना ‘ऐकीव’, आणि सेटिंगला ‘मुलूख’.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं, एकाने म्हणजे डीएमने (डंजन मास्टरने) बाकीचं सगळं जग व्हायचं, आणि पात्राला एखादी गोष्ट जमली की फसली ते फासे ठरवणार. सेटिंग म्हणजे ते जग, आणि लोर म्हणजे त्या जगाच्या गोष्टी: कोणता राजा कसा मेला, कोणत्या देवळात रात्री का जायचं नाही.

मुलूख सोपा, तो आधी उरकू. ‘सेटिंग’ मराठीत कधीचाच आलेला आहे, पण भलत्याच कामाला लागलेला आहे. टेंडरात सेटिंग असते, कॉलेजात कुणाची कुणाशी सेटिंग असते. ‘आमच्या सेटिंगमध्ये तीन राजे आहेत’ असं तुम्ही हॉटेलात चहा पिताना मोठ्याने म्हणाल, तर शेजारच्या टेबलावरचे कान टवकारतील. ‘पार्श्वभूमी’ म्हणजे मागचा पडदा. या खेळात मात्र मागे असं काही राहतच नाही. कुणीतरी म्हणतं ‘मी त्या डोंगरावर चढतो’ आणि डोंगर पुढे येतो. मुलूख या शब्दात जमीन, माणसं, सत्ता आणि सरहद्द एकत्र येतात. अरबीतून आलेला शब्द, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या अमलात राहिलेल्या आपल्या भागात त्याची ओळख करून द्यायची गरज नाही. मुलूख घेतलात की पाठोपाठ ‘मोहीम’ येते, म्हणजे कॅम्पेनचाही, अनेक बैठकी चालणाऱ्या सलग खेळाचाही, प्रश्न सुटतो.

लोर जरा अवघड आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ शिकवण, विद्या; ‘लर्न’ हे क्रियापद त्याच्याच गोतातलं. १८४६ मध्ये विल्यम थॉम्सने त्याला ‘फोक’ जोडून ‘फोकलोर’ घडवला, आणि लोकांच्या तोंडी टिकून राहिलेली विद्या हा अर्थ बळावला. खेळांनी दोन्ही अर्थ उचलले. ‘कॉल ऑफ क्थुलू’ या १९८१ च्या खेळात खेळ चालवणाऱ्याला ‘कीपर ऑफ आर्केन लोर’ म्हणतात. तिथे लोर म्हणजे गूढविद्या, आणि ती जितकी जास्त कळेल तितकी पात्राचं डोकं ठिकाणावर राहण्याची मर्यादा खाली येते. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या आवृत्तीत बार्ड मंडळींचा, म्हणजे गाणी-गोष्टी सांगणाऱ्या पात्रांचा, लोर नावाचा एक पंथच आहे. त्या बार्डाला मराठीत काय म्हणावं असा प्रश्न पडेल तर ‘बहुश्रुत’ तयार आहे. ज्याने पुष्कळ ऐकलंय तो! आपल्याकडे शहाण्याची खूण वाचणं नसून ऐकणं आहे, हे इथे उपयोगी पडतं.

आता तुमचे दोन शब्द. इतिहास म्हटलं की घडलेलं आलं. दंतकथा म्हटलं की, निदान आजच्या मराठीत, खोटं आलं. खेळातल्या गोष्टीला यांपैकी कुठलाच शिक्का आधी मारून चालत नाही. ती खरी निघेल की खोटी याचीच तर पात्रांना उत्सुकता असते.

इथे ‘ऐतिह्य’ कामी येतं. हा शब्द नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांचा. न्यायसूत्रांत वाद आहे की ऐतिह्य हे ज्ञानाचं वेगळं प्रमाण, म्हणजे साधन, मानायचं की नाही, आणि शेवटी ते शब्दप्रमाणातच, म्हणजे विश्वासू माणसाच्या सांगण्यातच, जमा केलं जातं. या सूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात त्याची व्याख्या साधारण अशी आहे: मूळ सांगणारा कोण ते ठाऊक नाही, पण परंपरेने चालत आलेलं बोलणं. तर्कशास्त्राच्या पोथ्यांत त्याचं ठरलेलं उदाहरण मिळतं: या वडावर यक्ष राहतो. सगळं गाव सांगतं, पहिल्यांदा कोण बोललं ते कुणालाच माहीत नाही. आता हेच वाक्य रविवारी टेबलावर टाकून बघा. कुणी वडाला वळसा घालील, कुणी नैवेद्य ठेवील, आणि एक जण हमखास कुऱ्हाड घेऊन निघेल. लोरकडून खेळाला जे हवं असतं ते या एका ओळीत आहे.

खेळताना मात्र ‘ऐतिह्य’ जिभेला जड. तिथे ‘ऐकीव’ म्हणा. आणि त्याच्या जोडीला दुसरा शब्द ठेवा: ‘हकीकत’. माझा खरा आग्रह या जोडीचा आहे. इंग्रजी लोरच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. मुलखातले लोक काय सांगतात ती एक, आणि मुलखात खरंच काय झालं ती दुसरी. मराठीत त्या वेगळ्या ठेवता येतात. डीएमच्या वहीत दोन रकाने पाडा. ऐकीव पात्रांच्या कानावर जाईल, हकीकत डीएमजवळ राहील.

हे खेळ रचणाऱ्यांनाही सुरुवातीलाच उमगलं होतं असं नाही. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ आला तो तीन पुस्तिकांचा, आणि त्यांत बहुतेक नियमच. आर्नेसनचं ब्लॅकमूर आणि गायगॅक्सचं ग्रेहॉक हे मुलूख त्यांच्या घरच्या टेबलांवर होते. बाकीच्यांनी आपापला रचून घ्यावा अशी अपेक्षा. पुढच्याच वर्षी एम. ए. आर. बार्करचं टेकुमेल आलं. हा गृहस्थ भाषाशास्त्रज्ञ, मिनेसोटा विद्यापीठात उर्दू शिकवणारा. त्याने आपल्या मुलखासाठी भाषा, लिपी, देव सगळं रचलं. भाषेच्या वेडापायी मला ते आवडतं, पण नवख्याला त्यात शिरायचं म्हणजे आधी परीक्षा द्यावी लागेल. एड ग्रीनवूडचा फरगॉटन रेल्म्स हा मुलूख १९८७ मध्ये बाजारात आला. त्यातली एक युक्ती मला फार पटते: पुढे त्याची काही माहिती वोलो नावाच्या बढाईखोर प्रवाशाच्या तोंडून दिली गेली, आणि तिच्यावर एल्मिन्स्टर या म्हाताऱ्या जादूगाराच्या तिरकस दुरुस्त्या. माहिती कोणाच्या तोंडून आली ते दिसतं, म्हणून तिच्यावर शंका घेता येते.

आता तुमच्याच भागात या. औंढ्याच्या नागनाथाला गेलात तर नंदी देवळाच्या मागच्या अंगाला दिसतो. का? नामदेवांना मागे जाऊन कीर्तन करा म्हणून हाकललं, ते मागे गेले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. गोष्ट खरी की कशी हा मुद्दा खेळापुरता बाजूला ठेवा. ती एका दिसणाऱ्या विसंगतीला लटकलेली आहे हे बघा. पाहणारा विचारणारच, आणि विचारलं की गोष्ट बाहेर येणार. तुमच्या काल्पनिक राज्यातल्या बारवेच्या एका बाजूला पायऱ्याच नाहीत एवढंच सांगा आणि गप्प बसा. ‘का?’ खेळणाऱ्यांकडून येऊ द्या.

दुसरं देवगिरीचं. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने वेढा घातला तेव्हा घाईघाईत किल्ल्यावर चढवलेली पोती धान्याची समजली होती, ती निघाली मिठाची, आणि यादव राजा रामचंद्रदेवाला तह करावा लागला, असं सांगतात. याउलट यादवांची भिल्लमापासून शंकरदेवापर्यंतची वंशावळ घ्या. ती इतिहास म्हणून मोलाची, पण पात्राने तिचं करायचं काय? मिठाच्या पोत्यांचं करता येतं. पोती कोणाची होती, गोण्या शिवल्या कोणी, चूक की फितुरी? एक आख्खी मोहीम त्यावर चालेल.

मुलूख आणि ऐकीव वेगवेगळं लिहून ठेवायची सवयही मराठीला जुनी आहे. महानुभावांनी चक्रधरस्वामींच्या लीळा लीळाचरित्रात ठेवल्या, म्हाइंभटांनी त्या माणसांना विचारून विचारून जमवल्या. आणि स्वामी जिथे जिथे राहिले त्या जागांची वेगळी स्थानपोथी झाली: देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, दार कुठे तोंड करून. पैठण, वेरूळ ही तुमच्या ओळखीची गावं त्यात आहेत. कोरडी नोंद, पण ती वाचून माणूस वाट चुकायचा नाही. डीएमने आपली वही तशी ठेवावी.

राहिला तो अर्धा तास. त्याला मराठीत शब्द शोधायला नको, ‘पुराण लावणं’ म्हणतात, आणि अशा पुराणातली वांगी पुराणातच राहतात. गोंधळी हे जास्त हुशारीने करतो. आवाहनात तो गावोगावच्या देवांना नाव घेऊन बोलावतो. एक गाव, एक देव, पुढे. आख्यान नंतर. ऐकणाऱ्याच्या डोक्यात मुलखाचा नकाशा तोवर तयार झालेला असतो आणि कुणी व्याख्यान दिलेलं नसतं. तुमच्या डीएमला एकदा गोंधळाला नेऊन बसवा.

लोरच ठेवायचा असेल तरी माझी हरकत नाही, फक्त ‘लोअर’ लिहू नका. तो कपड्यांच्या दुकानात मिळतो. आणि तुमचं वाक्य: ‘आमच्या मुलखात ऐकीव लई आहे.’ डीपला शब्द शोधत बसू नका, मराठीत ऐकीव गोष्ट खोल नसते, फार तर लांबून आलेली असते.