मेडिकलच्या काउंटरवर नवीन आहात? आधी एवढं सांभाळा

डी.फार्म. झालात आणि आता काउंटरवर उभे राहताय, अभिनंदन! सॉफ्टवेअर, मार्जिन, स्कीम हे सगळं हळूहळू येईल. सुरुवातीला एवढं पक्कं करा:

१. नाव अंदाजाने वाचू नका. हायड्रॉक्सिझिन खाजेवर, हायड्रॅलाझिन बीपीवर. घाईत एकाच्या जागी दुसरं सहज जातं. अक्षर लागत नसेल तर डॉक्टरांना फोन करा, त्यात कमीपणा नाही. स्ट्रिप देताना नाव, ताकद आणि एक्स्पायरी चिठ्ठीशी पुन्हा ताडून पाहा.

२. डोस तोंडी समजावून सांगा. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जीवावर बेततं. म्हणून वार ठरवून पाकिटावर लिहा आणि पेशंटकडून एकदा वदवून घ्या. गर्दी असली तरी ही दोन मिनिटं द्याच.

३. इन्सुलिन २ ते ८ अंशांत. फ्रीजरला चिकटून ठेवू नका; गोठलेलं इन्सुलिन बाद. थर्मामीटर ठेवा, सकाळ-संध्याकाळ नोंद करा.

४. शेड्यूल एच-१ ची (विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते अशा सरकारी यादीतली) औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाहीत. रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि प्रमाण त्याच वेळी लिहा. ही नोंद ३ वर्षं जपायची असते.

नवे लोक हमखास चुकतात ते ओळखीच्या गिऱ्हाइकापुढे. ‘मागच्या वेळचंच अँटिबायोटिक दे रे’ म्हटलं की हात आपोआप रॅककडे जातो. तिथे नम्रपणे नाही म्हणा. पहिल्यांदा जड जाईल, पण लोक ऐकतात.

एक्स्पायरी माल मात्र आजच वेगळ्या खोक्यात काढा.